शिकागोची सोयरीक

ज्याला शिकागोत सुखानं म्हातारं व्हायचंय, त्यानं ५१ नंबरच्या फायरहाउसमधल्या कुणाशी लग्न करू नये, मैत्री करू नये, आणि शक्यतो त्यांच्या गल्लीत भाड्यानं खोलीसुद्धा घेऊ नये. तिथे ज्याला नुकतीच बढती मिळालीय त्याच्या डोक्यावर छत कोसळतं. ज्यानं खिशात अंगठी जपून ठेवलीय त्याच्याच वाट्याला नेमका स्फोट येतो. आणि "शिफ्ट संपली की बोलू" असं जो म्हणतो, तो शिफ्ट संपल्यावर बोलायच्या अवस्थेत नसतो. हे सगळं ठाऊक असूनही आमच्या घरातल्या दोन बायका, म्हणजे मी आणि सासूबाई, त्या शहरात मनानं कायमच्या राहायला गेलो आहोत. नवरा पुण्यातच आहे.

ज्यांना या दुखण्याची लागण झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१२च्या १० ऑक्टोबरला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ५१ नंबरच्या बंबवाल्यांची 'शिकागो फायर' ही मालिका सुरू झाली. तिच्यामागे डिक वुल्फ नावाचे निर्माते आहेत. या गृहस्थांना एक मालिका काढून स्वस्थ बसवत नाही. जानेवारी २०१४ मध्ये तिच्यातूनच पोलिसांची 'शिकागो पीडी' निघाली, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये डॉक्टरांची 'शिकागो मेड'. सोय बघा: इमारत पेटली की फायर, माणूस भाजला की मेड, आणि काडी कुणी टाकली हे शोधायला पीडी. एका दुर्घटनेवर तीन घरच्या चुली पेटतात.

सासूबाईंना इंग्रजी समजतं, पण ते बोलणाऱ्यानं जरा दमानं बोललं तर. शिकागोत दमानं कुणी बोलत नाही. सगळे जिन्यावरून पळता पळता बोलतात. त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं होतं की त्या दहा मिनिटांत जपमाळ घेतील. झालं उलटंच. रक्तदाब किती, नळाला पाणी किती दाबानं येतंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ही कोणाची कोण?"

या तीन मालिका बघायची खरी किल्ली ती हीच. फायरमधली गॅब्रिएला डॉसन ही पीडीतल्या अँटोनिओची बहीण. पीडीतला जे हॉल्स्टेड आणि मेडमधला डॉक्टर विल हॉल्स्टेड हे सख्खे भाऊ. पोलीस ठाण्याच्या काउंटरवर बसून सगळ्या जगावर खेकसणारी सार्जंट ट्रूडी प्लॅट ही फायरहाउसच्या सोफ्यावर बारमाही रेललेल्या माउचची बायको. मेडमधली परिचारिका एप्रिल आणि फायरमधला सेव्हराइड लहानपणापासूनचे दोस्त. क्लार्क नावाचा एक गडी फायरमध्ये आग विझवता विझवता पुढे मेडमध्ये डॉक्टरकी शिकताना दिसतो. हे सगळं मला समजायला वेळ लागला. सासूबाईंना लागला नाही. सांगलीकडच्या चार पिढ्यांची सोयरीक ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यापुढे शिकागो म्हणजे काय!

"म्हणजे माउच हा पोलीसखात्याचा जावई," त्या म्हणाल्या. "म्हणूनच बसलेला असतो."

घरात पहिलं भांडण झालं ते वॉइटवरून. हा हँक वॉइट 'फायर'च्या पहिल्या पर्वात चक्क खलनायक म्हणून आला होता. त्याच्या पोरानं दारू पिऊन अपघात केला, फायरहाउसच्या लेफ्टनंट केसीनं तसं खरं सांगितलं, तर हा भ्रष्ट पोलीस केसीच्या हात धुऊन मागे लागला. आम्ही त्याला मनापासून शिव्या घातल्या. आणि पुढच्या वर्षी बघतो तर काय, 'पीडी'त तोच नायक! तोच घोगरा आवाज, तेच लेदर जॅकेट, शिवाय गुप्तवार्ता पथकाचा प्रमुख. तळघरात जाळीचा पिंजरा आहे, त्यात संशयिताला नेऊन तो 'समजावतो'.

"याला परत नोकरीत घेतलं कुणी?" सासूबाई कडाडल्या.

माझं म्हणणं असं की, पीडी ही मालिका बघताना माणसानं थोडं अवघडलेलं असलंच पाहिजे. पोलिसानं मारून कबुली घ्यायची आणि आपण चहाचा घोट घेत "बरं झालं" म्हणायचं, यात कुठेतरी पाणी मुरतंय. लेखकांनाही ते कळत असावं, कारण वॉइटच्या वागण्याची किंमत ते त्याच्याकडून वसूल करतात: त्याचा मुलगा मारला जातो, त्याचा जुना जोडीदार ऑलिन्स्की तुरुंगात भोसकला जातो. पण किंमत मोजून झाली की पुढच्या बुधवारी पिंजरा आहेच. सासूबाईंचा मात्र दोन पर्वांत पार पालट झाला. आता रस्त्यात कुणी उलट्या दिशेनं स्कूटर घातली की त्या रिक्षातून म्हणतात, "याला वॉइटकडे द्यायला हवा."

पण या सगळ्या वादावादीची चैन ज्यांना भाग क्रमानं बघायला मिळतात त्यांना. आमचा खरा छळ तिथेच आहे. साधी मालिका असते तेव्हा पहिल्यानंतर दुसरा भाग बघायचा, एवढी अक्कल पुरते. इथे फायरचा एक, मेडचा एक, पीडीचा एक, पुन्हा फायरचा एक, अशी पंगत वाढत जायची असते. एक पान चुकलं की जो माणूस आत्ता वारला तो पुढच्या पानावर बिअर पिताना दिसतो. २०१८पासून एनबीसीनं तिन्ही मालिका बुधवारी रात्री ओळीनं लावल्या, आधी मेड, मग फायर, मग पीडी. अमेरिकेतल्या लोकांचं काम झालं. ते सोफ्यावर बसतात आणि तीन तासांनी उठतात. आम्ही अ‍ॅपवाले. अ‍ॅपला या तिघी बहिणी आहेत हे कुणी सांगितलेलंच नाही. फायर एका अ‍ॅपवर, पीडी दुसऱ्यावर, आणि मेड कधी असते, कधी महिनाअखेरीला कुणालाही न सांगता गायब होते.

एरवी चालून जातं. पण ज्या आठवड्यात तिन्ही मालिकांची मिळून एकच गोष्ट असते, त्या आठवड्यात आमच्या घरी चूल थंड असते. १६ ऑक्टोबर २०१९ची ती जिवाणूंची गोष्ट घ्या. माणसाचं मांस खाणारे जिवाणू शहरात कुणीतरी सोडलेत. आणि नेहमीचा क्रम मोडून गोष्ट सुरू झाली फायरपासून, मग मेड, मग पीडी. आमच्याकडे पहिला तास होता, तिसरा होता. मधला, म्हणजे रोगी जगले की मेले हे सांगणारा, नव्हता. लोकांचे हातपाय सडायला लागलेत आणि एकदम पीडीतले लोक दारं फोडत फिरताहेत. मधल्या मधे काय झालं?

सासूबाईंनी सरळ नेपरव्हिलला फोन लावला. तिथे, शिकागोच्या उपनगरात, माझी नणंद राहते. नणंदबाईंनी तो अख्खा तास फोनवर तोंडी सांगितला. मी आजवर ऐकलेलं ते सर्वोत्तम कीर्तन. मूळ कथा ठीकच, पण मधूनमधून निरूपण होतं: "मग ती मॅगी आली, ती मुख्य नर्स, खरं म्हणजे सगळं तीच चालवते, आमच्याकडच्या हॉस्पिटलातही तसंच असतं, मला पित्ताशयाच्या वेळी…" पित्ताशय संपेपर्यंत शिकागोतले निम्मे रोगी दगावले होते.

याच नणंदबाई एरवी आमच्या शत्रू. शिकागोत बुधवारची संध्याकाळ असते तेव्हा पुण्यात गुरुवारची पहाट. त्यांचा कार्यक्रम संपतो तेव्हा मी डब्याच्या पोळ्या लाटत असते, आणि त्याच वेळी घरच्या ग्रुपवर मेसेज येतो, "अरे देवा, बोडेन!!!" एवढंच. पुढे रडणारे चेहरे. बोडेनसाहेब, म्हणजे ५१ नंबरचे प्रमुख, मेले, निवृत्त झाले की त्यांना चौथं लग्न लागलं, काही कळायला मार्ग नाही. (बढती मिळाली होती. वर गेले, पण खात्यातच.) केसी ओरेगॉनला चालल्याचं आम्हाला असंच कढई उतरवताना कळलं. मित्राच्या पोरक्या मुलांना सांभाळायला गेला तो. सासूबाईंनी त्याला तिथल्या तिथे क्षमा केली. मी अजून केलेली नाही.

नवऱ्याचा अंत पाहिला तो मात्र न्यूयॉर्कनं. नोव्हेंबर २०१४ मधली एक गोष्ट शिकागो फायरमध्ये सुरू होते, मधला भाग 'लॉ अँड ऑर्डर : एसव्हीयू' या न्यूयॉर्कच्या मालिकेत, आणि शेवट पीडीत. एसव्हीयू १९९९पासून चाललेली. "म्हणजे आता तेही पंधरा वर्षांचं बघायचं?" असं विचारून तो गच्चीत गेला. बघायला काही हरकत नव्हती, असं माझं मत.

'शिकागो जस्टिस' नावाची चौथी बहीणही होती, कोर्टकचेरीची. २०१७च्या मार्चमध्ये आली आणि मे महिन्यात १३ भागांवर आटोपली. तिचा वकील पीटर स्टोन पुढे न्यूयॉर्कच्या एसव्हीयूत रुजू झाला. त्याचे वडील बेन स्टोन हे मूळ 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये १९९०पासून न्यूयॉर्कचेच सरकारी वकील. मी ही वंशावळ सांगितल्यावर सासूबाईंनी मान डोलावली. "वडिलांच्या गावी गेला. बरं केलं. इथे त्याचं बस्तान बसत नव्हतं."

मेडबद्दल मी फार बोलत नाही, कारण बोलले की आवाज चढतो. डॉ. चार्ल्स हे मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्णालयाच्या प्रमुख शॅरन गुडविन, ही दोन मोठी माणसं सोडली तर बाकीच्यांना पेशंटचं म्हणणं ऐकायची सवय नाही. विल हॉल्स्टेडनं तर पहिल्याच पर्वात, मला उपचार नकोत, मला जाऊ द्या, असं कागदावर लिहून दिलेल्या बाईला जबरदस्तीनं जगवलं. त्यावर खटला, बोलणी, अश्रू, सगळं झालं, आणि पुढे कित्येक वर्षं हा माणूस तितक्याच आत्मविश्वासानं चुकीचं वागत राहिला. भाऊ पोलिसात असल्यावर होतं असं.

फायर मात्र माझी. का, असं विचारलंत तर आगीमुळे नव्हे. आगी सगळ्या सारख्याच: धूर, खोकला, "सगळे बाहेर या", आणि कुणीतरी एक बाहेर न येणं. मला आवडतं ते दोन आगींच्या मधलं रिकामपण. लांबलचक टेबलाशी बसलेली माणसं, आज स्वयंपाक कुणाची पाळी, खुर्ची कुणी ढापली, हर्मनची नवी धंद्याची कल्पना. हर्मनच्या धंद्यांपैकी फक्त मॉलीज हा बार तगला, आणि तिथेच तिन्ही मालिकांतले लोक रात्री जमतात. कथा पुढे सरकवायची असेल तर लेखकाला फक्त दार उघडायचं असतं. म्हणून तर इथला माणूस गेला की घरचा गेल्यासारखं होतं. बॉयलरच्या स्फोटात ५१ नंबरचा ओटिस गेला तेव्हा तो शेवटचं वाक्य त्याच्या जिवलग दोस्ताशी, क्रूझशी, रशियनमध्ये बोलला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अर्थ त्यांनी विचारला नाही, सांगितलेला ऐकलाही नसता.

मग जिवाणूंच्या त्या गोष्टीनंतर पाच वर्षं उलटली, तरी तिन्ही मालिकांची मिळून गोष्ट काही येईना. आली ती थेट २९ जानेवारी २०२५ला: गॅसचा स्फोट, वर इमारत, खाली भुयारी रेल्वेत अडकलेली माणसं. ती बघून झाली आणि सासूबाईंनी जाहीर केलं की लेकीकडे जायचंय. लेकीला आनंद झाला. तिला वाटलं, लेकीसाठी.

नवऱ्याची यादी तयार होती. आर्ट इन्स्टिट्यूट, म्हणजे १८९३मध्ये विवेकानंद जिथे बोलले ती जागा, त्यांच्या नावाचा तिथला रस्ता, मग सरोवर. सासूबाई विवेकानंदांना नमस्कार करून गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता आमचं." फायरहाउस म्हणून जे दाखवतात ते खरं १८ नंबरचं अग्निशमन केंद्र, ब्लू आयलंड अ‍ॅव्हेन्यूवर. पोलीस ठाण्याची इमारत मॅक्सवेल स्ट्रीटवरची, तिथून फार लांब नाही. मेडचं बाहेरचं दृश्य रश विद्यापीठाच्या रुग्णालयाचं, तेही त्याच भागात. मॅक्सवेल स्ट्रीटवर नणंदबाईंनी आईला समजावलं की इथे आता विद्यापीठाचे पोलीस बसतात.

"मग त्यांना तळघर कशाला लागतं?" सासूबाईंनी खिडक्यांकडे संशयानं बघत विचारलं.

१८ नंबरपाशी पोचलो. सासूबाई समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या, चष्मा पुसला. नणंदबाई सांगत होत्या की आम्ही एवढी वर्षं इथे आहोत, पण आमच्या गल्लीत एकदाही बंब आलेला नाही, आणि माझा नवरा तिला म्हणत होता की हे वाक्य इथे बोलायला नको होतंस. तेवढ्यात आत घंटा झाली. दार वर गेलं. लालभडक बंब सायरन वाजवत आमच्यासमोरून वळला आणि सिग्नल ओलांडून गेला. मागोमाग कुठून तरी एक अ‍ॅम्ब्युलन्सही त्याच दिशेला गेली. नवऱ्यानं मोबाइल काढेपर्यंत रस्ता रिकामा. तो हळहळला.

सासूबाई केव्हाच गाडीच्या दारापाशी पोचल्या होत्या. "फोटो कसले काढतोयस? चल, रशला घे गाडी. पुढचा भाग तिथे आहे."