“गॅस-मिक्सर आले, आता आईला काम काय?” या मेसेजला उत्तर

मातृदिन आला की व्हॉट्सअॅपवर हा मेसेज फिरतोच. म्हणे, आजीनं जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी शेंदलं. आताच्या आयांना गॅस आहे, मिक्सर आहे, नळ आहे. शेती बाप करतो, आई हातभार लावते. आणि घर-शेत सगळं तिचंच तर आहे, मग एवढं कौतुक कशाचं? शहराचं शहरवाले पाहतील. वऱ्हाडातल्या गावात यातलं फार थोडं टिकतं.

आधी गॅस. उज्ज्वला 2016 ला आली, सिलिंडर घरोघरी पोचलं, हे खरं. पण 14.2 किलोच्या सिलिंडरवर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी दोन्ही काढायचं, तर ते किती दिवस पुरणार? म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांवर. पऱ्हाटी भसकन पेटते, तितक्याच लवकर विझते. चुलीपुढून उठलं की जाळ गेला. शिवाय ती उपटून, पेंढ्या बांधून पावसाआधी आडोशाला रचावी लागते. भिजली तर नुसता धूर. रचलेल्या ढिगात गुलाबी बोंडअळी दडून राहते, तो ताप वेगळाच.

नळाचं म्हणाल तर अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही. पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं, अन् भरून ठेवणारी एकच. मिक्सरबद्दल वाद नाही, तो बिचारा वाटून देतो.

आता तो “हातभार”. वखर, डवरा, फवारणी बहुतेक पुरुषांकडे. सरकी, म्हणजे कापसाचं बी टोबणं, नांग्या भरणं (न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावणं), निंदण आणि कापसाची वेचणी बायांकडे. एकट्या वेचणीचाच हिशेब करा. एका बोंडातून साधारण 4 ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे किलोला 250 बोंडं. भर हंगामात बाई दिवसाला 40 किलो वेचते, म्हणजे 10,000 बोंडं. आठ तास धरले तर मिनिटाला वीसहून जास्त, तेही कमरेत वाकून, ओटीत वाढत जाणारं वजन घेऊन. वाळल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुततात ते निराळं.

बरं, नुसतं ओरबाडून चालत नाही. दव सुकल्यावरच हात घालायचा, कारण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर माल घेतच नाहीत. खालच्या बोंडांपासून वर वेचत जायचं. उलट केलं तर वरची वाळलेली पत्ती खालच्या कापसावर झडते. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, आणि पावसात भिजलेला कापूस वेगळा ठेवायचा. बाजारात बाप जो भाव सांगतो, त्यातला बराचसा आईच्या बोटांनी आधीच ठरवलेला असतो.

घरकामाला मोल नाही, असंही त्या मेसेजमध्ये सुचवलेलं असतं. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची देशातली सरासरी दिवसाला 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. यात शेत नाही, लेकरं-म्हातारी सांभाळणंही नाही. ते वेगळं मोजलंय. अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये पुन्हा सांगितलं.

राहिलं “सगळं तिचंच”. मग सातबारा काढून बघा. तिथं नाव नसलं तर पीककर्ज तिच्या नावानं होत नाही, पीएम-किसानचे हप्ते तिच्या खात्यात येत नाहीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं जमिनीवर बायकोचंही नाव लावायची लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली आणि 1992 मध्ये शासनानं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून चढवायची वाट मोकळी केली. अर्ज मात्र नवऱ्यानंच करायचा असतो.