‘आरसिसलॉग उडवा, काही बिघडत नाही’ : बिघडतं ते कुठे कुठे

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतोय. सारांश असा : डेबियन या लिनक्स प्रणालीने १२ व्या आवृत्तीत आरसिसलॉग (लॉग, म्हणजे मशिनवरच्या घडामोडींच्या नोंदी, फायलींत लिहिणारा आणि दुसऱ्या मशिनशी देवघेव करणारा प्रोग्रॅम) बाद केलं, कारण ते जुनाट झालं होतं. त्याचं सगळं काम जर्नलडी (सिस्टिमडी या लिनक्सच्या व्यवस्थापकातला नोंदी ठेवणारा भाग) करतं. ‘ॲप्ट रिमूव्ह’ (पॅकेज काढायची आज्ञा) मारा, सर्व्हर स्वच्छ. पुढे लागलंच तर परत टाका, होतं तसं मिळेल.

पहिल्या वाक्यापासूनच गडबड आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने आरसिसलॉग बाद केलं नाही. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते आपोआप टाकणं थांबवलं, एवढंच. पॅकेज भांडारात आहे आणि त्याची देखभालही चालू आहे. बहुतेक मशिनांवर त्याची गरज उरलेली नाही, असं डेबियनच्याच टिपणांत लिहिलंय आणि ते बरोबर आहे. एकटा छोटा सर्व्हर असेल, लॉग कुठे पाठवायचे नसतील, तर खुशाल काढा. पण त्याच टिपणांत पुढे एक इशारा आहे, तो या सल्ल्यातून गळला : जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या मशिनवर जर्नल (जर्नलडीच्या नोंदी) डिस्कवर साठतच असेल असं नाही. ‘व्हार-लॉग’मध्ये (लॉग ठेवायच्या नेहमीच्या जागी) ‘जर्नल’ नावाची डिरेक्टरी नसेल, तर मूळ सेटिंगनुसार नोंदी फक्त मेमरीत राहतात आणि रीबूटला जातात. अशा मशिनवरून आरसिसलॉग काढलं की काल रात्री सर्व्हर का पडला हे सांगायला काहीच उरत नाही.

‘सगळं काम जर्नलडी करतं’ हा दावा सगळ्यात महागात पडणारा. जर्नलडी नोंदी ठेवतं त्या त्याच मशिनवर. दुसरीकडे पाठवायच्या तर वेगळं पॅकेज लागतं, आणि ते एचटीटीपीवर बोलतं. तुमचे स्विच, राउटर, फायरवॉल मात्र सिसलॉग (लॉग पाठवायची जुनी पद्धत) हेच बोलतात, बहुधा यूडीपी ५१४ या पोर्टवर. ते ऐकायला जर्नलडी बसलेलं नसतं. लॉग बाहेर पाठवायचे कशाला, असं विचारणाऱ्याने एवढंच आठवावं की रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) हाती लागलेला घुसखोर आधी त्या मशिनवरचेच लॉग पुसतो.

आणि लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवरच हा सल्ला चालवला तर? यूडीपीला पोच नसते. पाठवणारी उपकरणं ओरडत नाहीत, अलार्म वाजत नाही. नोंदी हवेत जात राहतात, आणि कळतं ते थेट चौकशीच्या दिवशी.

मग ‘काही बिघडत नाही’. फेलटूबॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी हे अनुभवलंय. त्याचा एसएसएचचा (दुरून लॉगिन करण्याचा) जेल, म्हणजे पहाऱ्याचा नियमसंच, डेबियनवर वर्षानुवर्षं ‘ऑथ डॉट लॉग’ ही फाइल वाचत आला. ती लिहायचं आरसिसलॉग. ते नसलं की फाइल तयार होत नाही, लॉग फाइल सापडत नाही म्हणून फेलटूबॅन सुरूच होत नाही, आणि पासवर्ड ठोकत बसणाऱ्यांना दार मोकळं. उपाय सोपा आहे : बॅकएंड (नोंदी कुठून वाचायच्या ते सेटिंग) ‘सिस्टिमडी’ करायचा. पण काढण्याआधी. ‘व्हार-लॉग’मधल्या फायली आणखी कोण वाचतंय, हे एकदा ‘ग्रेप’ (फायलींत शोधायची आज्ञा) मारून बघायला किती वेळ लागतो?

‘रिमूव्ह मारलं की स्वच्छ’ हेही खोटं. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायली राहतात. ‘डीपीकेजी’च्या (डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या) यादीत ते पॅकेज ‘आरसी’ अशी खूण घेऊन बसलेलं दिसेल. त्या फायलीही घालवायच्या तर ‘पर्ज’.

‘परत टाका, होतं तसं मिळेल’ यात मात्र खरी गंमत आहे, कारण ते कधी नको इतकं खरं ठरतं. रिमूव्हनंतर परत टाकलं की जुनी कॉन्फिग जशीच्या तशी जागी होते, बंद झालेल्या सर्व्हरकडे लॉग पाठवणाऱ्या ओळीसकट. आणि कोणी शहाणपणाने ती फाइल हाताने पुसली असेल, तर उलटंच होतं. फाइल मालकाने मुद्दाम काढली असं डीपीकेजी समजतं आणि परत टाकताना ती देत नाही. सर्व्हिस मग कॉन्फिगशिवाय अडते, आणि माणूस ‘री-इन्स्टॉल’ करत बसतो. त्याने काही होत नाही. पर्ज करून टाका, नाहीतर डीपीकेजीला ‘फोर्स-कॉन्फमिस’ (नसलेली कॉन्फिग परत टाक) सांगा.

भारतातल्या कंपन्यांसाठी आणखी एक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस, सुरक्षित आणि भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवणं बंधनकारक आहे. जर्नलडी मूळ सेटिंगवर डिस्कवर जागा घेतं ती फाइल सिस्टिमच्या १० टक्के, तीही जास्तीत जास्त ४ जीबी. मर्यादा गाठली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, मग त्या १८० दिवसांच्या असोत की आठवड्याच्या.