हमालांनी ओढलेल्या गाडीची कसली चाचणी?

नमस्कार. १९०७ च्या पेकिंग (आजचं बीजिंग) ते पॅरिस या मोटारगाड्यांच्या मोहिमेवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं, की ही एका इटालियन राजपुत्राची हौस होती, डोंगरात गाडी हमालांनी नि खेचरांनी ओढली, तेव्हा तिला गाडीची चाचणी म्हणणं हास्यास्पद आहे.

ओढली, यात वादच नाही. पेकिंगच्या उत्तरेकडच्या डोंगरांत त्या राजपुत्राची, म्हणजे बोर्गेसेची, इटाला ही इटालियन गाडी दोरखंड बांधूनच पुढे गेली. तेवढ्या टप्प्याचे गुण इंजिनाला देऊ नका. पण पुढे गोबी आणि सायबेरिया होतेच की! पेट्रोलचे साठे उंटांनी आधी पोचवले होते, तरी ते जाळून पळायचं गाडीलाच होतं.

राहिली हौस. नुसता हौशी माणूस निघण्याआधी घोड्यावर बसून, गाडीच्या रुंदीचा बांबू हातात घेऊन खिंडी मोजत हिंडत नाही. बोर्गेसे हिंडला. गाडीची निवडही विचारपूर्वक होती. मोहिमेतल्या पाच गाड्यांपैकी दोन फ्रेंच द दियों १० अश्वशक्तीच्या, हलक्या. रुतल्या तर उचलता येतील असा हिशोब. काँताल नावाची गाडी तर तीनचाकीच, ती गोबीतच टाकून द्यावी लागली. बोर्गेसेने मात्र सात लिटरहून मोठ्या इंजिनाची दणकट गाडी घेतली. १० जूनला निघून तो १० ऑगस्टला पॅरिसला पोचला, द दियों त्यानंतर वीसेक दिवसांनी. अर्थात त्या दोघी एकमेकींना सांभाळून येत होत्या, त्यामुळे नुसत्या तारखांवरून जड गाडी सरस असं मी म्हणणार नाही.

माझ्या लेखी खरा निकाल मोडतोडीत आहे. सायबेरियातल्या बैकाल सरोवराच्या परिसरात जुना लाकडी पूल कोसळला आणि गाडी मागच्या अंगाने खाली गेली. वर काढल्यावर इंजिन चालू झालं! पुढे रशियात दगा दिला तो लाकडी चाकाने. आरे खिळखिळे झाले, आणि एका खेड्यातल्या कारागिराने मुख्यतः कुऱ्हाडीच्या जोरावर ते चाक उभं करून दिलं. म्हणजे इंजिन पास, चाक नापास. चाचणीतून आणखी काय कळायला हवं होतं?

सगळं श्रेय राजपुत्राला का, या तुमच्या प्रश्नावर मात्र मी तुमच्याच बाजूने आहे. बराच काळ स्टिअरिंगवर होता तो त्याचा मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी, आणि दुरुस्तीही त्याच्याच गळ्यात.

हौसेबद्दल झोडपायचंच असेल, तर मुद्दा मीच पुरवतो. आघाडी इतकी मोठी होती, की मॉस्कोहून सरळ पश्चिमेला न जाता ही मंडळी मेजवानीसाठी सेंट पीटर्सबर्गला वाकडी वाट करून गेली. त्यावर खुशाल लिहा.