‘पहाटे उठून लिही’ म्हणे!

यापुढे कुणी मला “अगं, पहाटे उठून लिही ना, किती शांत असतं” असं सांगितलं, तर मी तिथल्या तिथे भांडणार आहे. ऐकून घ्यायचं होतं तेवढं घेतलं.

आमच्याकडे साडेपाचला पाणी येतं आणि साडेसहाला जातं. त्या तासात पिंप, बादल्या, मशीन. एकीकडे पोळ्या, भाजी, दोन डबे. सातला लेकीची स्कूलबस. शांत पहाट यात कुठे आहे, दाखवा मला.

तरी चारला उठून पाहिलं. अकरा दिवस. तिसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातला दिवा बघून सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “उठलीच आहेस तर चहा टाक.” हे ‘उठलीच आहेस तर’ माझ्या डोक्यात गेलंय. दुपारी हेच ‘घरीच आहेस तर’ होतं. गॅसवाला येणार आहे, जरा थांब. शेजारच्यांचं पार्सल घेऊन ठेव. बँकेत जाऊन ये. रात्री ‘जागीच आहेस तर’: इस्त्री, उद्याचे हरभरे भिजत घालणं, लेकीचा तक्ता. मी डोळे उघडे ठेवून बसले की ती वेळ सगळ्या घराची होते, आणि माझी वेळ फक्त मी झोपेतून कापून काढलेली. तीही टिकत नाही. अकराव्या दिवशी ताप आला, तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं, की जागरणं कशाला करतेस?

नवऱ्याची घरून मीटिंग असते तेव्हा दार बंद होतं. लेकीला मीच दटावते, “हळू बोल, बाबांचं काम चाललंय.” कुकरसुद्धा मी नंतर लावते. आणि मी वही उघडली की त्याच घरात तोच माणूस विचारतो, “माझा निळा शर्ट कुठंय?” कपाटात! गेली चौदा वर्षं तो कपाटातच असतो! वाईट माणूस नाहीये तो. कथा छापून आली की ऑफिसात सगळ्यांना दाखवतो. पण ती कथा कधी लिहून झाली, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

हे माझ्या एकटीच्या घरातलं रडगाणं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७, असा आकडा आहे. जवळजवळ पाच तास! आणि वर आम्हालाच सल्ला, की वेळ काढायला शिक. काढू कुठून? कुणाच्या ताटातून?

त्यात आपले दिवाळी अंक. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा, माझा जीव आहे तिच्यावर. पण दिवाळीत अंक हवा म्हणजे मजकूर पावसाळ्यात हवा. म्हणजे नेमका श्रावणात. एकाला उपास, दुसऱ्याला नाही, रोज दोन स्वयंपाक. सोमवार, शुक्रवार, मंगळागौरीची आमंत्रणं, सवाष्ण जेवायला. त्यातून मान वर काढावी तर गणपती. संपादकांचा निरोप येतो, “या महिनाअखेर कथा द्याल ना?” मी हो म्हणते. दरवर्षी हो म्हणते, कारण नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी विचारणारही नाहीत.

आत्ता माझ्या कथेतली बाई एसटी स्टँडवर उभी आहे. माहेरी जायचं की परत फिरायचं, हे तिला ठरवायचंय. मला माहितीये ती काय करणार, पहिलं वाक्यसुद्धा तयार आहे. मला एक सलग तास हवा. दार लावून. कुणीही, काहीही न विचारता. नऊ दिवस झाले, ती बाई तिथेच उभी आहे, आणि आतून हाक येतेय, बसलीच आहेस तर जरा लसूण सोलून दे.