टायपिस्ट म्हणणाऱ्यांनो, ब्रुकनर ऐका

डिसेंबर आला, सवाईचे बेत सुरू झाले, की आमच्या शाळेच्या ग्रुपवर जुना वाद उकरला जातो. यंदा पुण्यातल्या एका मित्राने लिहिलं, "सिम्फनी म्हणजे शंभर टायपिस्ट. समोरचा कागद काढून घ्या, सगळे मुके. आपला गवई रिकाम्या हातांनी बसतो आणि तासभर राग उभा करतो." खाली अंगठ्यांची रांग. इथे जर्मनीत, लाइपझिगच्या ट्राममध्ये उभ्या उभ्या ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

त्याला कागदी वाटणाऱ्या मंडळींपैकी एकच माणूस घेतो, एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार आंतोन ब्रुकनर. लिंत्झच्या कॅथेड्रलमधला ऑर्गनवादक. ऐनवेळी सुचेल ते वाजवण्यात त्याचा हात धरणारे फार नव्हते. १८७१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही तो असाच वाजवून आला. रिकाम्या हातांनी मैफल जिंकणाऱ्या या माणसाने आयुष्य घातलं ते सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या लांब रचना, लिहिण्यात. १८७७ मध्ये व्हिएन्नात त्याने स्वतः तिसरी सिम्फनी सादर केली, तेव्हा लोक मधूनच उठून गेले. शेवटपर्यंत थांबलेल्या मोजक्यांत पुढे स्वतः मोठा संगीतकार झालेला, सतरा वर्षांचा गुस्ताव मालर होता. खरं यश मिळालं ते सातवीला, ३० डिसेंबर १८८४ रोजी, आमच्या याच गावात, कंडक्टर आर्थर निकिशच्या हातून. ब्रुकनर तेव्हा साठीचा होता.

गेवांडहाउस या इथल्या मैफलीच्या सभागृहात मी शक्यतो वाद्यवृंदाच्या मागची जागा घेतो. तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो आणि पितळी वाद्यांच्या माणसांच्या पाठी. सातवीत चार वाग्नर ट्यूबा, म्हणजे संगीतकार वाग्नरच्या नावाची पितळी वाद्यं आहेत, आणि पहिल्या भागात त्यांना एकही सूर नाही. वीसेक मिनिटं ती माणसं गप्प बसतात. भाग संपत आला की ट्यूबा उचलून आवाज न करता आत फुंकर घालतात, गार पडलेलं पितळ सुरात यावं म्हणून. दुसरा भाग त्यांनीच उघडायचा असतो, तोही अगदी दबक्या आवाजात. ब्रुकनर वाग्नरला फार मानायचा. वाग्नर आता फार दिवसांचा नाही, या जाणिवेत त्याने तो भाग लिहायला घेतला. फेब्रुवारी १८८३ मध्ये व्हेनिसहून मृत्यूची बातमी आली आणि शेवट त्याच्या शोकाचा झाला. तो पहिला सूर लावणाऱ्याला टायपिस्ट म्हणायचं?

आणि कागद एकच असला तरी संगीत एक नसतं. हीच सातवी कुणी तासाभरात संपवतं. कंडक्टर सर्जिउ चेलिबिदाकेच्या म्युनिकमधल्या ध्वनिमुद्रणात ती ऐंशी मिनिटांच्या घरात जाते. विलंबितावर जीव टाकणाऱ्या पुणेकराला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतली व्हायोलिनं ऐकून याच ग्रुपवर गळे काढले जातात. ती वाजवणारे कितीतरी गोव्याचे वादक समोर नोटेशन ठेवूनच वाजवत होते. तेव्हा कागद कुणाला खुपला नाही.

इथला श्रोता एका भागातून दुसऱ्या भागात जाईपर्यंत खोकलासुद्धा दाबून ठेवतो. आपल्याकडे बडा ख्याल रंगात आला की लोक वडापावच्या रांगेकडे निघतात. साधनेच्या गप्पा करणाऱ्यांनी ऐकण्याची साधनाही थोडी करावी, असं मला वाटतं.

पण मध्यंतरात शेजारचे आजोबा जेव्हा विचारतात, "तुमच्याकडे लिहून ठेवलेलंच नाही, मग त्याला रचना कसं म्हणायचं?" तेव्हा मीही तितकाच तापतो. माझ्या मोडक्या सॅक्सन वळणाच्या जर्मनमध्ये त्यांना किराणा घराण्याची बढत सांगतो. आमचा गवई रिकाम्या हातांनी बसतो, असंही ठासून सांगतो. पुण्यात मी जर्मनांचा वकील आणि इथे ख्यालाचा. सातवीच्या दुसऱ्या भागात व्हायोलिनं वर चढत जातात तेव्हा माझ्या तोंडून "वा!" निघू पाहतो, आणि या सभागृहात तो गिळावा लागतो. पुण्यात "वा" म्हणायला सोबत आहे, पण ब्रुकनरला नाही. मला ही दोन्ही माणसं एका रांगेत बसलेली हवी आहेत, मित्र एका बाजूला आणि आजोबा दुसऱ्या.

ते होईपर्यंत मित्राला एवढंच लिहिलंय: मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. डेक्कन क्वीनने जा, सभागृहात पुढची जागा घेऊ नकोस, बाजूची घे. वादकांचे हात बघ आणि मग आपण भांडू.