शक्यतो

दुर्गम भागातल्या आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं खातं तुमच्या गळ्यात पडलं असेल तर घाबरू नका. उघड विरोध मुळीच करायचा नाही, त्यानं नाव खराब होतं. एकच शब्द हाताशी ठेवा: शक्यतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार काढून बघा. या मुलांना त्यांच्याच भाषेत लिहाय-वाचायला शिकवायचं, पण शक्य असेल तिथे. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातही तेच, शक्य असेल तेव्हा. (तरी कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी विरोधात मत दिलं. पुढे चौघांनीही पाठिंबा दिला. बहुधा तोवर मजकूर नीट वाचून झाला असावा.) भारताच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मातृभाषा आहेच. शक्यतो.

आता ते शक्य होणार नाही, एवढंच बघायचं. ज्याला मुलांची भाषा येते त्याच्याकडे पदवी नाही म्हणून त्याला घेऊ नका. ज्याच्याकडे पदवी आहे त्याला भाषा येत नसताना तिथे पाठवा, तेही शिक्षा म्हणून. मग तो शिकवण्याआधी बदलीचा अर्ज लिहील.

हजेरीपासून सुरुवात करा. मुलाचं नाव जिभेवर बसत नसेल तर दुसरं ठेवा. १८७९ साली अमेरिकेतल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत तिथल्या आदिवासी मुलांकडून फळ्यावरच्या इंग्रजी नावांपैकी एकावर काठी टेकवून घेत. जिथे काठी, ते नाव. तुम्हाला काठीही लागणार नाही. नवं नाव मोठ्यानं पुकारा. पोरगं पहिल्याच रांगेत बसून तुमच्याकडे टक लावून बघत असेल, पण ते नाव आपलं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते गप्प राहील. गैरहजर मांडा. आठवडाभर मांडा. मग ‘अनियमित’ असा शेरा आपोआप तयार होतो.

गणिताचा तोंडी प्रश्न परक्या भाषेत विचारा. त्याला आकडेमोड येत असेल, प्रश्न कळणार नाही. ‘आकलन कमी.’ वीज नसलेल्या वर्गाला टॅब द्या, फोटो काढा.

एक दिवस त्याची आई येईल. दाराशी उभी राहून बराच वेळ काहीतरी विचारेल. कळणार नाहीच. ती गेली की नोंदवहीत लिहा: पालक उदासीन. हे मात्र शक्यतो नाही, न चुकता लिहायचं.