कार्टून नेटवर्कला श्रद्धांजली कशी वाहावी

सगळ्यात आधी सुवर्णकाळ ठरवून घ्या. त्यासाठी इतिहास चाळत बसू नका, आपल्या जन्मसालात नऊ मिळवा. येईल ते वर्ष सुवर्णकाळाचं शिखर. त्याआधीचं सगळं 'फारच जुनं', त्यानंतरचं सगळं 'पोरकट'. हो, पोरकटच. लहान मुलांच्या वाहिनीवर हा आरोप करताना चेहरा गंभीर ठेवता आला पाहिजे; बाकी अभ्यासाची गरज नाही.

समजा, उत्तर 1998 च्या आसपास आलं. उत्तम! काळ्या-पांढऱ्या चौकटींचा जुना लोगो प्रोफाइलला लावा आणि लिहा, 'तेव्हा ओरिजिनल काम व्हायचं.' इथे मात्र जरा जपून. 1 ऑक्टोबर 1992 ला ही वाहिनी सुरू झाली, कारण अमेरिकेतले वाहिनीसम्राट टेड टर्नर यांच्याकडे जुन्या कार्टूनचं गोदाम भरून वाहत होतं. एमजीएम या चित्रपट कंपनीचा संग्रह 1986 मध्ये हाती आला होता, 1991 मध्ये हॅना-बार्बेरा ही कार्टून कंपनीही विकत घेतलेली. एवढा माल मांडायला हक्काचं दुकान नको? म्हणजे शाळा सुटल्यावर धावत येऊन जे तुम्ही 'आपलं' म्हणून बघत होतात, त्यातले टॉम आणि जेरी 1940 चे, फ्लिंटस्टोन्स 1960 चे आणि स्कूबी-डू 1969 चा. तुमचं बालपण सेकंडहँड होतं. हे बाहेर कुठे बोलू नका. कुणी विषय काढलाच, तर वाहिनीच्या स्वतःच्या मालिकांमधली डेक्स्टर, पॉवरपफ गर्ल्स आणि करेज ही तीन नावं एका दमात घ्या. या तिघांच्या आड अख्खं गोदाम लपतं.

आशिया किंवा युरोपात वाढला असाल, तर आणखी एक आठवण हाताशी असेल. रात्र झाली की कार्टून गायब व्हायचं आणि त्याच जागी टर्नर यांच्याच टीएनटी वाहिनीचे जुने चित्रपट सुरू व्हायचे. तेव्हा तुम्ही भोकाड पसरलं होतं. आता तेच 'किती छान शिस्त होती' म्हणून सांगा.

पुनःप्रक्षेपणाबद्दल बोलताना शब्द तोलून वापरा. टॉम अँड जेरीचे तेच भाग पुन्हापुन्हा लागत, ती परंपरा. अलीकडचं टीन टायटन्स गो! पुन्हापुन्हा लागतं, तो प्रेक्षकांचा अपमान.

आता शत्रूपक्ष. हे लोक 2010 च्या ॲडव्हेंचर टाइमपासून सुवर्णकाळ मोजतात, त्यात गमबॉल आणि स्टीव्हन युनिव्हर्स मिळवतात, आणि तुमच्या डेक्स्टरला 'क्लासिक' म्हणतात. हा शब्द आदराने वापरला आहे असं समजून फसू नका. त्यांनाही नोकऱ्या लागल्या आहेत, काहींचे केस विरळ झाले आहेत. तरी त्यांना 'आजकालची पोरं' म्हणायचं सोडू नका. फक्त 2009 चा विषय निघाला की तलवारी म्यान करा. त्या वर्षी कार्टूनच्या वाहिनीवर हाडामांसाच्या माणसांचे रिॲलिटी शो आणले होते. तिथे सगळे पंथ एक होतात.

श्रद्धांजलीसाठी वाहिनी मेलेली असण्याची अट नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये समाजमाध्यमांवर सगळ्यांनी मिळून तिचं सगळं उरकलं. शेवटी वाहिनीलाच खुलासा करावा लागला, की आपण मेलेलो नाही, नुसते तिशीत आलोय. (वाचणाऱ्यांपैकी अनेकांना यातला फरक कळला नसावा.) अशा वेळी मृताच्या बोलण्याने विचलित होऊ नये. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये वाहिनीचं संकेतस्थळ, त्यावरच्या खेळांसकट, खरोखरच बंद झालं. तेव्हा रडलात तर कुणी नावं ठेवली नसती. पण तोवर आपला साठा संपला होता.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं पथ्य म्हणजे जुने भाग पुन्हा बघू नका. 1957 मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि तिथे टॉम आणि जेरी घडवणारे हॅना व बार्बेरा टीव्हीकडे वळले. टीव्हीकडे पैसे कमी, म्हणून चित्रंही कमी. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का, ठाऊक आहे? धड जागच्या जागी ठेवून नुसतं डोकं हलवता यावं आणि जोड दिसू नये म्हणून. रानातल्या अस्वलाला टाय, आणि आपल्याला इतकी वर्षं तो रुबाब वाटला!

इतकं सांगूनही मोह आवरला नाही आणि घरातल्या पोराला शेजारी बसवून 'बघ, याला म्हणतात कार्टून' असं म्हणालातच, तर एका प्रश्नाची तयारी ठेवा. पडद्यावर कुणीतरी घरातून पळत सुटेल. मागून एक खिडकी जाईल, एक दिवा, एक खुर्ची. मग पुन्हा खिडकी, दिवा, खुर्ची. तिसऱ्या फेरीला पोर विचारेलच, "सारखं तेच तेच का येतंय?" टीव्हीवरची नजर न हलवता सांगा, तेव्हा घरं फार मोठी असायची.